गिरदावरकाकांची समुद्र-पाहणी

कोणाला ताप आला, कोणाची सोयरीक मोडली, कोणी दहावीला गचकलं, की गिरदावरकाकांचं औषध एकच: कोकणातल्या समुद्रकाठच्या खेड्यात घडणारी एक रहस्यकादंबरी. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या आमच्या बाजारहत्नूर गावच्या मराठी वाचनालयात इतरही पुस्तकं होती, पण काकांच्या लेखी ती कपाटाला वजन यावं म्हणून ठेवलेली. "हे ने आधी," म्हणत ते कादंबरी हातात कोंबायचे, "अन् पोस्टमास्तरवर नजर ठेव." झालं! रहस्याचं तिथंच वाटोळं.

गिरदावर म्हणजे जमिनी मोजणारे, बांधाचे तंटे मिटवणारे महसुलातले साहेब. काका निवृत्त होऊन वाचनालय सांभाळत होते, पण ही निवृत्तीची बातमी त्यांना कोणी कळवली नसावी. कादंबरीचाही त्यांनी मुकदमा केला. खेड्याचा नकाशा काढला, साक्षीदारांची यादी केली, आणि खरा खुनी पोस्टमास्तर, लेखकानं निरपराध नावाड्याला अडकवलं, असा फैसला दिला.

कादंबरीत भरदुपारी वाळूवर खून होतो. खुनी नावाडी चालत येतो, चालत जातो; संध्याकाळी त्याच्या पाऊलखुणा सापडत नाहीत, कारण भरतीच्या पाण्यानं त्या पुसलेल्या. काकांना हे नामंजूर. "प्राणहिता नदीले पूर आला त चार-चार दिस उतरत नाही. अन् हा समुद्र दिवसातून दोनदा येते-जाते? समुद्र हाय का गाय, चराले जाऊन घरी येते?"

काकांनी ठरवलेला बांध पंचक्रोशीत कोणी हलवत नसे, तिथं समुद्राची काय कथा! अख्ख्या गावानं पोस्टमास्तरला दोषी धरलं. आमच्या गावचा खरा पोस्टमास्तरसुद्धा बिचारा खाली मान घालून पत्रं वाटायचा.

मी नववीत होते. एकदा भरल्या वाचनालयात उठून म्हटलं, "काका, भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटी हाय."

"तू पाह्यली? सोताच्या डोळ्यानं?"

"नाही."

"मंग बस खाली. जाग्यावर जाऊन मौका पाह्यल्याबिगर बोलू नाही."

सगळे फिदीफिदी हसले. काकांनी तरी समुद्र कुठं पाहिला होता, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. शहाणपण मला नेहमी असंच घरी पोचल्यावर येतं. महिनाभर मी वाचनालयाचं तोंड पाहिलं नाही.

पुढे लग्न होऊन मी कोकणातच गेले. सकाळी जिथं पोरं क्रिकेट खेळत होती तिथं दुपारी पाणी बघितलं, आणि नव्या नवरीला माहेर आठवायचं सोडून तो अपमान आठवला. त्याच दिवशी कार्ड टाकलं: "काका, खुनी नावाडीच. मौक्यावर या." काय गार वाटलं म्हणून सांगू!

आणि हा बाबा आला की खरंच! दोन गाड्या, तीन बस बदलून, सत्तरीच्या वयात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाण्याच्या कडेला खुंटी ठोकली आणि छत्री उघडून वाळूवर बसले. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर साहेब धोतर खोचून गुडघाभर पाण्यात खुंटी चाचपताहेत. रात्रभर जागून तयार केलेला टोमणा माझ्या जिभेवर होता.

काका वळून म्हणाले, "पोरी, तू खरं बोलून राह्यली होती. अन् म्या तुले चारचौघात खाली बसवलं."

टोमणा गिळला. मग ते हळूच म्हणाले, "जिंदगीभर लोकायच्या बांधाचे फैसले केले. त्यातले किती असे बसल्या जाग्यावरून केले असन?" मला रडू आलं. जिंकायला निघालेली मी, माझीच मला लाज वाटली.

पुढचं भावाच्या पत्रांतून कळलं. काकांनी वाचनालयाचं रजिस्टर काखेत मारलं आणि ज्यानं ज्यानं ती कादंबरी नेली होती त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. "म्या चुकीचा मानूस सांगितला. नावाडीच होता." लोक हसायचे, "साहेब, गोष्टच त हाय!" एक वाचक वारला होता. त्याच्या बायकोला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, "कोनाचा खून म्हनता?" काका तिच्या अंगणात बसले आणि पहिल्या पानापासून सगळी गोष्ट सांगून मगच उठले.

त्यानंतर त्यांनी बांध धरले. आपण दिलेले जुने फैसले घेऊन शेतोशेत फिरायचे, म्हणायचे, "फिरून मोजू, माहं चुकलं असन त सांगा." तिसऱ्या गावी त्यांनी अंथरूण धरलं आणि त्यातून ते उठले नाहीत.

मी आता शाळेत शिकवते. पोरांना चारचौघांत गप्प बसवते, तेही खणखणीत आवाजात. त्यातली काही पोरं बरोबर असतात, हे मला घरी पोचल्यावर कळतं. पण कुणाच्या दारात जाऊन तसं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.