टर्बिड म्हंजी डर्टी नाय

"डर्टी लिही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडचं पाणी ना? मग डर्टीच की. उगाच जड शब्द कशाला?"

अख्खा वर्ग हसला. मी फळ्यापाशी, हातात खडू. शहरातल्या पुंडलिकनगरात मॅडमच्या बंगल्यातच, वरच्या मजल्यावर, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास होता. नेम असा, की रोज एकानं न ऐकलेला इंग्रजी शब्द आणायचा आणि घरच्या, रोजच्या बोलण्यातल्या वाक्यात बरोबर बसवून दाखवायचा. त्या दिवशी पाळी माझी. मी लिहिलं होतं, 'द टँकर वॉटर इज टर्बिड, सो माय मदर स्ट्रेन्स इट थ्रू हर सारी.' टँकरचं पाणी गढूळ येतं म्हणून माझी माय ते लुगड्यातून गाळते. त्यात खोटं काय होतं?

मॅडम आधी म्हणाल्या, "डिस्टर्ब्ड म्हणायचंय का तुला? पाणी डिस्टर्ब्ड झालंय?" मी नाय म्हणलं. टर्बिडच. तशा त्यांनी डस्टर उचललं, माझ्या शब्दावरून फिरवलं आणि स्वतःच्या हातानं तिथं डर्टी लिहिलं. वर म्हणल्या, "वहीत दहा वेळा लिहून आण. डर्टी."

आदल्या दिवशी एका पोरीनं सेरेंडिपिटी आणला होता, म्हंजी न शोधता अवचित काही चांगलं गावणं. रोज भाजी आणताना सेरेंडिपिटी होते म्हणे तिला. तिला टाळ्या.

माझा शब्द मी डिक्शनरीतून नव्हता आणला. आमची वस्ती शहराबाहेर, पडेगावच्या पलीकडं. दुष्काळाची सालं. पडेगावकडं नव्या कॉलन्या धडाधड उठत होत्या, अन् टँकर आधी त्यांच्या टाक्या भरायचा. मग गावातली मोठी आळी. आमच्याकडं यायचा तो सगळ्यात शेवटी, तळ घेऊन. रांगेत आमचा नंबर शेवटचा का, हे कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. हांड्यात बोट बुडवलं की नख दिसायचं नाय. एकदा पाणी तपासणारा माणूस आला, बाटली भरली, चिठ्ठीवर काहीतरी इंग्रजीत लिहिलं. मी विचारलं, "काका, काय लिवलं?"

"टर्बिड. गढूळ. गाळ तरंगतोय ना, ते."

"म्हंजी घाण?"

"घाण येगळी बाई. हे टँकरच्या तळाचं हाय."

लई आवडला मला तो शब्द. घाण म्हणलं की दोष आमच्या अंगाला चिकटतो. आमचे हांडे, आमचे हात, आमची जात. गढूळ म्हणलं की विचारावं लागतं, बाबा, तळ ह्यांच्याच वाट्याला का? म्हणून मी तो शब्द घेऊन गेले होते. आणि तोच त्या बाईनं पुसला.

घरी आले. मायला सांगितलं नाय. वहीत डर्टी लिहायला बसले आणि तिसऱ्यांदा लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. आग आग झाली नुसती अंगाची.

दुसऱ्या दिवशी जिन्यातच एक पोरगं ओरडलं, "टर्बिड आली रे!" मी कॉलेजच्या लायब्ररीतली डिक्शनरी उचलून आणली होती. मॅडमच्या टेबलावर वही ठेवली, वर डिक्शनरी, पान उघडून. त्यांनी वाचलं. कान लाल झाले त्यांचे, मी बघितले. पण चुकलं असं म्हणतील तर शपथ! चष्मा सारखा करून म्हणल्या, "हं, आहे शब्द. पण टेक्निकल आहे. असे शब्द कुणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही."

मी पानावर बोट ठेवलं. 

"तुमच्या रोजच्यात नसंल मॅडम. आमच्या रोज हांड्यात असतो."

 मी वही टेबलावरच सोडली, डिक्शनरी उचलली आणि जिना उतरले. पुन्हा चढले नाय.

पुढं रसायनशास्त्र घेतलं. लोक विचारतात, आवड होती का? आवड कसली! खुन्नस होती. आज शहरातल्या एका लॅबमध्ये मी पाणी तपासते. रिपोर्टवर सही माझी असते.

शहर वाढलं, बोअर आटले. पुंडलिकनगरातही टँकर लागले. आणि गेल्या उन्हाळ्यात मॅडम आल्या. केस पांढरे, चष्मा जाड, आवाज तोच. बंगला पाडून तिथं बिल्डिंग झाली होती, त्यातला एक फ्लॅट त्यांना विकायचा होता. गिऱ्हाइकानं पाण्याचा रिपोर्ट मागितला होता. मला त्यांनी ओळखलं नाय. मी पहिल्या शब्दाला ओळखलं.

रिपोर्ट हातात घेऊन त्या काउंटरला टेकल्या. मागं रांग होती.

"अहो, हे टर्बिड काय लिहिलंय? गिऱ्हाईक घाबरेल. एखादा साधा शब्द लिहा ना."

बापरे. किती वर्षं थांबले होते मी! पेन उघडलं. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं विचारलं,

"डर्टी लिहू, मॅडम?"

त्यांनी झटकन वर बघितलं. माझ्या तोंडाकडं, मग पेनाकडं, मग परत तोंडाकडं. ओठ हलले. ओळख पटली. ती पटावी म्हणूनच मी मान खाली घातली नव्हती.

"नको," त्या म्हणल्या. "टर्बिडच... टर्बिडच राहू द्या."

"जोरात म्हणा मॅडम. स्पेलिंगसकट."

म्हणल्या. एकेक अक्षर. मी शिक्का हाणला आणि कागद सरकवला.

एक सहकारीण नंतर म्हणाली, म्हाताऱ्या बाईला कशाला इतकं, जाऊ दे की, झालं गेलं. जाऊ दे म्हणायचा हक्क ज्याचं पुसलं त्याचा असतो. मी जाऊ दिलेलं नाय. देणारही नाय. माझी माय अजून तिथंच राहते, टँकर अजून तिथं शेवटीच जातो. त्या पाण्याची बाटली मी दर महिन्याला भरते, तपासते, रिपोर्ट करते आणि वरच्या हापिसात नेऊन पोच घेते. तिथला साहेब म्हणतो, बाई, अस्वच्छ पाणी लिहा, तेवढं पुरे. नाय पुरे. टर्बिडच लिहीन. आमच्या शब्दावर डस्टर फिरवायला आता कुणाचाही हात उठला, तर तो हात मी वरच्यावर धरणार.