नऊ नंबरचा पंच

शकु परबची बोटं सकाळी साधी असत. संध्याकाळी ती असल्फ्याचा डोंगर चढून घरी जायची, तेव्हा रात्रभर भिजवलेल्या वालासारखी पांढरट, सुरकुतलेली झालेली असत. साकीनाक्याच्या गल्लीतल्या कारखान्यात शेगडीचे पितळी व्हॉल्व्ह पाण्याच्या टाकीत बुडवून तपासायचे, हे तिचं अठ्ठावीस वर्षांचं काम. आत हवा सोडायची आणि डोळे लावून बसायचं. बुडबुडा आला की माल परत. नाही आला की पुसून ऐरणीवर ठेवायचा आणि आकडा कोरलेला पोलादी पंच हातोडीने ठोकायचा. प्रत्येक बाईचा आकडा वेगळा. शकुचा नऊ. उद्या कुणाच्या ओट्यावर भडका उडाला तर कुणाला धरायचं, ते त्या आकड्यावरून कळायचं. नऊ नंबरला आजवर कुणी धरलं नव्हतं. दसऱ्याला टाकीच्या कठड्यावर पंचांची रांग लागे, हळदीकुंकू आणि झेंडू वाहून.

तिचे वडील गिरणी बंद पडल्यावरही मरेपर्यंत नंबराचा बिल्ला खिशात घालून फिरले. शकुला त्याचा भयंकर राग यायचा. "तो काय आता चाटूचो आसा?" ती म्हणायची.

मग परदेशाशी खुल्या व्यापाराचा करार झाला. त्या दिवशी कारखान्याचा मालक हर्षदशेठने पेढे वाटले. "शकुबेन, मार्केट खुलं झालं! ड्युटी झिरो!"

"कोणाचं मार्केट?" शकुने पेढा हातातच धरला. "वीस बायकांतल्या सतरा दिवाळीआधी घरी पाठवल्यास. त्या काय खुल्या हवेवर जगणार?"

"सरकारने सही केली, मी नाय केली."

"मागून घेतलीत ना तुम्ही लोकांनीच? दिल्लीला मिटिंगांना जात होतास, तेव्हा आमच्यातली कोण नेलीस सोबत?"

शेठ हसला. हसण्यावारी न्यायची त्याची सवय बापाचीच.

महिन्याभरात परदेशातून खोके आले. आत तयार व्हॉल्व्ह, चकचकीत. उरलेल्या तिघींना हुकूम सुटला: टाकी बंद, फक्त पंच ठोका. आपला नंबर असला की दुकानदार डोळे झाकून घेतो.

"न बुडवता ठोकू?" शकुने एक खोका फोडला आणि दहा नग टाकीत बुडवून आत हवा सोडली. तिघींतली रेवती शेजारी येऊन उभी राहिली. बुडबुडा निघावा, म्हणून शकु अक्षरशः डोळे फाडून बघत होती. एकही निघाला नाही.

"बघ, ए वन माल," शेठ म्हणाला. "उगाच भांडतेस."

शकुने एक नग पुसला. अंगठा बुडाशी गेला आणि थांबला. तिथे गुळगुळीत खळगा होता. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, तिथेच. तिने तो उजेडात तिरपा धरला. घासलेल्या पितळात अनोळखी लिपीतल्या वेड्यावाकड्या अक्षराचं एक शेपूट राहून गेलं होतं.

म्हणजे तिकडच्या कारखान्यातही कुणीतरी हात भिजवले होते. तिथेही ऐरण होती, हातोडी होती.

"कोणाचो नंबर घासलंस रे, मेल्या?"

"आपण सांगितलेलं तसं. करारात माल येतो, माणसाचं नाव कशाला पाहिजे? तू ठोक ना तुझा."

"तिचा पुसून माझा? आणि उद्या माझा पुसून कोणाचा?"

"नसेल ठोकायचा तर पंच ठेव आणि निघ. पंच कंपनीचा आहे."

शकुने आपला पंच उचलला. पलीकडच्या ग्राइंडरचं बटण तिने दाबलं. ठिणग्या उडाल्या. शेठ ओरडत होता, पण दगडाच्या आवाजात ते कोण ऐकतोय! पंचाचं टोक लालसर होईतो तिने दाबून धरलं, मग टाकीत बुडवलं. चर्र झालं. आकडा गेला होता. कोरं पोलाद तिने शेठच्या पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात टाकलं.

"हे कंपनीचं. घे."

तिने खुंटीवरची पिशवी घेतली. मागे शेठ रेवतीवर खेकसला, "काय बघतेस? तुझा अकरा नंबरचा पंच काढ!"

दारातून शकुने वळून पाहिलं. रेवतीचे दोन्ही हात कोपरापर्यंत टाकीत होते. ती ते बाहेर काढत नव्हती.