तीस टक्के शिल्लक

माझ्या साडूंइतका कशाचाही तळ न पाहणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडणार नाही. गाडीची टाकी अर्धी झाली की हे पेट्रोल पंपावर. भांडण रंगात आलं की उठून जातात. आमच्याकडे जेवायला आले की टोपल्यातली शेवटची भाकरी शेजारी बसलेल्या माझ्या मुलीच्या ताटात सारतात. हा स्वभाव ड्रोनच्या बॅटऱ्यांनी घडवला की स्वभावामुळे बॅटऱ्या टिकल्या, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

नळदुर्गात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नांसाठी एक जुना ड्रोन. त्याच्या बॅटऱ्या तीन, तिन्ही वयस्कर. तसल्या नव्या आता मिळत नाहीत, म्हणून आहेत त्या जपायच्या. जपायच्या म्हणजे किती? घरातली सगळ्यात थंड जागा माठाची. तिथून माठ हलला आणि बॅटऱ्या बसल्या. उडून आलेली बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. दर रविवारी तिन्ही फरशीवर आडव्या ठेवून बोटानं दाबायच्या. डुगडुगली तर पोट फुगलं समजायचं. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली तर लवकर म्हातारी होते, म्हणून तीही ठेवायची नाही. एकदा लग्न ऐन वेळी पुढं ढकललं गेलं, तेव्हा साडूंनी भरलेली बॅटरी निम्मी करायला ड्रोन अंगणातच उडवला. बाजेवरच्या कुरडया शेजारच्या पत्र्यावर गेल्या.

"माझ्या वर्षाच्या कुरडया गेल्या की वो!" मेहुणी ओरडली.

"कुरडया परत करता येत्यात," साडू वर बघतच म्हणाले, "बॅटरी न्हाय येत."

सगळ्यात कडक नियम तीस टक्क्यांचा. तीस उरले की ड्रोन खाली. मग नवरदेव घोड्यावर असो की घोडा नवरदेवावर. भूमच्या एका लग्नात नवरदेव म्हणाला, "भाऊ, अजून एक फेरी होऊ द्या." साडू म्हणाले, "तुमचं लग्न एकदाच हाय. मला उद्या बी लग्न हाय."

यंदा माझ्या मुलीचं लग्न नळदुर्गातच झालं. तिनं एकच मागितलं होतं : "काका, पाठवणीला माझी गाडी वरून घ्या. पार दिसेनाशी होईस्तोवर." पण वरातीत पाहुणे नाचत राहिले, दोन बॅटऱ्या तिथंच संपल्या. उरली ती तिघींतली सगळ्यात थकलेली. मी मनात हिशेब केला आणि म्हणालो, "साडूभाऊ, हायवेच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचं, तर तीस उरत नाहीत."

"म्हाईत हाय."

गाडी निघाली. मी त्यांच्या हातातल्या स्क्रीनवरचा आकडा बघत होतो. पंचेचाळीस, अडतीस, तीस. रिमोट ओरडायला लागला.

"साडूभाऊ, तीस!"

"तुमी पोरीकडं बघा."

गाडी वळणावरच्या ढाब्याआड गेली, तेव्हा कुठं त्यांनी ड्रोन फिरवला. मंडपामागच्या नांगरलेल्या रानात तो टेकला तेव्हा चार टक्के उरले होते. बॅटरीला हात लाववत नव्हता. संध्याकाळपर्यंत तिचं पोट फुगलं. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून आता ती त्यांच्या गच्चीवर वाळूच्या घमेल्यात आहे. "टाका की आता ती," असं मी दर खेपेला म्हणतो. "टाकू," म्हणतात, आणि विषय अर्ध्यावर सोडतात.

परवा आमच्याकडे जेवायला आले होते. टोपल्यात शेवटची भाकरी उरली. सवयीनं त्यांनी ती उचलली आणि हात शेजारी नेला. तिथं ताट नव्हतं. हात जरा वेळ तसाच राहिला. मग भाकरी मोडून त्यांनी अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. टोपलं रिकामं झालं.