ड्रायव्हरच्या घरची शर्यत

सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची. चालवायचे शहरबस, पण रुबाब असा, जणू विमान उडवतात. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, ही त्यांची एकमेव बढाई. ती ते पाहुण्यांना चहा येण्याआधीच सांगून टाकत.

रस्त्यावरची शिस्त त्यांनी घरातही आणली होती. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचा बोळ अरुंद, म्हणून कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा. वळणावर कुणी कुणाच्या पुढे घुसायचं नाही. मागून हॉर्न आला की बाजू द्यायची. दोन्ही पोरं तोंडाने 'पॉं पॉं' करत घरभर फिरत. या कायद्याबाहेर होती ती फक्त बायको. हातात उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन ती बोळातून सरळ निघे, आणि समोरचं वाहन कुणाचंही असो, मुकाट भिंतीला चिकटे.

पोरगी चौथीत, पोरगा तिसरीत. ती ताई, तो बारक्या. शाळा लहान, त्यामुळे तिसरी-चौथीची धावण्याची शर्यत एकत्रच व्हायची. बारक्या ताईकडून आजवर कायम हरत आला होता. जिन्यावर हरला, बसथांब्यापर्यंत हरला, एकदा तर ताईच्या पायात काच गेलेली असताना तिने लंगडी घालत त्याला हरवलं होतं. पुढच्या वर्षी ती मोठ्या शाळेत जाणार होती. म्हणजे मैदानावर, सगळ्यांच्या देखत तिला हरवायची ही शेवटची संधी. बारक्याला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं.

"बाबा, कोण जिंकेल?" आदल्या दिवशी त्याने ताटावर विचारलं.

"जो नियमाने पळेल तो."

"म्हणजे मी," ताई म्हणाली.

"म्हणजे कुणीच नाही," आई म्हणाली. "भाजी संपवा."

शर्यतीला साहेब ड्यूटी बदलून, खाकी गणवेशातच हजर झाले. शिट्टी वाजली. ताईने सवयीने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग निघाली. तोवर बारक्या केव्हाच सुटला होता. बाण सुटावा तसा नाही, गच्चीवरून बादली घरंगळावी तसा. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, पण सगळ्यांच्या पुढे.

वळणापाशी ताईने त्याला गाठलं, आणि त्याच्या पाठीला नाक लावून तशीच मागे राहिली.

"अगं, जा की पुढे," आई पुटपुटली.

"वळणावर?" साहेबांची छाती फुगली. "नाही जायची ती."

वळण संपलं. ताई म्हणाली, "पॉं पॉं."

आणि बारक्या बाजूला झाला. नुसता बाजूला झाला नाही, हात बाहेर काढून 'जा, जा' अशी खूणही केली. आपण काय केलं हे त्याला कळलं तेव्हा ताई बरीच पुढे गेली होती. धावता धावता त्याने स्वतःच्याच कपाळावर चापट मारली.

"हे तुमचं पोरगं," आईने नवऱ्याला सांगितलं.

शेवटच्या पांढऱ्या रेषेवर बघ्या पोरांची गर्दी झाली होती. त्यांना मागे सारायला खेळाच्या सरांनी कर्कश शिट्टी फुंकली आणि पंजा वर केला. ताईने समोर पाहिलं: पांढरी रेषा, शिट्टी, वर केलेला हात. ती जागच्या जागी थांबली. रेषेच्या अलीकडे, अगदी व्यवस्थित. मागून धापा टाकत बारक्या आला आणि तोही थांबला, मध्ये अंतर ठेवून.

त्यांना बघून मागची पोरंही थबकली. मग एकच गलका उठला. तेवढ्यात किराणावाल्याची मुलगी, जी वाटेत निसटलेली चप्पल आणायला मागे गेली होती, ती दोघांच्या बाजूने धावत गेली आणि पहिली आली.

साहेब खुर्चीवर चढले. रिकाम्या चौकातही लाल दिव्याला मान देणारा तो माणूस गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "तोडा रे, सिग्नल तोडा!"

ताईचा कानांवर विश्वास बसेना. तिने वळून विचारलं, "खरंच, बाबा?"

बारक्याने काही विचारलं नाही. तो डाव्या बाजूने, सगळे कायदे मोडून तिच्या पुढे घुसला आणि रेषेपलीकडे पालथा पडला. उठला तो नाचतच. गुडघा खरचटलाय हे त्याला आईने सांगावं लागलं.

"मी जिंकलो," तो किराणावाल्याच्या मुलीला म्हणाला.

"मग मी काय केलं?"

"तू पहिली आलीस. जिंकलो मी."

ताई लालबुंद होऊन आली. "चल, परत पळू. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"उद्या?"

"कधीच नाही," बारक्या म्हणाला. "तू आता मोठ्या शाळेत जाणार. आता हे असंच राहणार."

ताई त्याच्यावर धावली. तो पळाला. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली. तिकडे बक्षिसाच्या टेबलावरून दुसऱ्या नंबराचा पुकारा झाला. बारक्या टेबलाला वळसा घालून गेला, सरांनी पुढे केलेली कंपासपेटी हवेतच राहिली. मागून ताई आली आणि तिने ती धावता धावता उचलली.

"पेटी पकड तरी," ती ओरडली.

"आधी मला पकड," तो म्हणाला.