सशाचा निरोप, बेडकाचं अंडं

माझ्या मावसभावाइतका दुसऱ्याच्या यशानं हुरळणारा माणूस सातारा-सांगलीतच काय, उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. शोध लावायचे सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी आणि पेढे वाटायचे ह्यानं! सांगलीच्या कॉलेजात तो जीवशास्त्र शिकवायचा, आणि सत्तरनंतरच्या त्या वर्षांत एम-आरएनएनं त्याला पार झपाटलं होतं. एसटीच्या कंडक्टरलाही सोडायचा नाही. "पेशीत जनुकांची मूळ प्रत कुलपात असती गड्या. तिची नक्कल घिऊन हा निरोप्या भाईर पडतो, त्याबरहुकूम प्रथिन तयार हुतं, आन काम झालं की निरोप्या मोडून जातो!" कंडक्टर म्हणायचा, "सर, उतरायचं कुठं तेवढं सांगा."

ह्या बडबडीपायी त्याचं लग्न जमेना. चहा संपायच्या आत मुलीचे वडील "कळवतो" म्हणत. मावशीनं हाय खाल्ली होती. शेवटी कडेगावच्या एका निवृत्त सुभेदारांची मुलगी बघायला निघालो, तेव्हा मावशीनं बजावलं, "आज तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ हाय."

नेमकं त्याच सकाळी पोस्टानं मासिक आलेलं, त्यात बातमी: सशाच्या रक्तपेशींतला निरोप बेडकाच्या अंड्यात टोचला, आणि अंड्यानं चक्क सशाचं प्रथिन बनवलं! हा कसला दम धरतोय? सुभेदारांनी "परवास बरा झाला न्हवं?" एवढंच विचारलं आणि सुटली की गाडी! मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ह्यानं मान वर न करता ट्रे तिच्या हातातून घेतला, बशा उतरवल्या, मधोमध तांब्या ठेवला. "ही पेशी समजा. तांब्यात मूळ प्रत, आन निरोप्या तिथनं नक्कल घिऊन भाईर पडतो." सुभेदार मांडी थोपटून ओरडले, "आरं तिच्या! म्हंजी आमचा फटफटीवरनं हुकूम पोचवनारा डिस्पॅच रायडरच की!" मग काय, दोघंही पेटले. मुलगी नमस्कार करून कधी आत गेली, दोघांनाही पत्ता नाही.

परतीच्या एसटीत मावशीनं विचारलं, "पोरगी कशी वाटली?"

"कंची पोरगी?"



आठवड्याभरात सुभेदार स्वतः दारात. मावशी माफी मागायलाच पुढं सरसावली. ते म्हणाले, "आवं, पोरगी हो म्हनतीया. म्हनली, आतनं निम्मंच ऐकू आलं, ऱ्हायल्यालं ऐकायचं हाय." मावशी आनंदानं रडायलाच लागली. 'मी तिला बघितलंच नाही' हे सांगायला ह्यानं तोंड उघडलं, तर तिनं त्यात लाडू कोंबला.

लग्नात अंतरपाट दूर झाला आणि त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं. भटजी "हार घाला, हार घाला" म्हणतायत आणि हा हार धरून नुसता उभा. तोंडातून शब्द फुटेना! हसून हसून आमची पुरेवाट झाली. पुढं सगळा संसार तो बोलत राहिला, ती ऐकत आणि उलट प्रश्न विचारत राहिली. तसा गप्प मी त्याला पुन्हा एकदाच पाहिला, ती गेली त्या दिवशी.