ताईला फोनवर सांगितलेलं

थर्माकोलचा डबा दिसला की भवानी पेठेतली ती दुपार आठवते. बाबांना कंपवात होता. आपल्यामागे मेंदू संशोधनाला द्यावा, असा फॉर्म त्यांनी थरथरत्या हातानं भरला होता. ते सकाळी गेले आणि मेडिकल कॉलेजची ॲम्ब्युलन्स बर्फाचा डबा घेऊन बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "दुपार उलटली तर उपयोग नाही." पण चुलते उंबऱ्यातच बसले होते. "लेकीनं तोंडात पाणी घातल्याबिगर त्याला हितनं हलवायचं न्हाय." ताई करमाळ्याहून निघायची होती. वाटेत धक्का नको म्हणून, आपल्याकडे सांगतात तसं मीच तिला फोनवर सांगितलं होतं, "बाबांची तब्येत जरा जास्त बिघडलीय, ये." शेजारचे माग खडखडत होते, उदबत्तीच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि मी एकदा डॉक्टरांच्या घड्याळाकडे, एकदा चुलत्यांच्या पाठीकडे बघत मधेच उभा होतो. शेवटी डॉक्टर रिकामा डबा घेऊन परत गेले. त्यानंतर ताई आली, तिच्याही हातात डबा होता. बोळातच म्हणाली, "बाबांना गिळायला सोपी म्हणून खीर करत बसले, एक गाडी चुकली." आता तो फॉर्म मीही भरलाय. मुलीला एवढंच बजावलंय, त्या दिवशी आत्याला फोनवर खरं सांग.