मॅडमची शुगर आणि माझी गोळी

"सुरी तिच्या हातात नको."

आमच्या टीमच्या प्रमुख अनघा मॅडम हळूच म्हणाल्या, पण ते पुणेरी हळूच. सगळ्या टीमला ऐकू गेलं. वाढदिवस माझा होता. मेणबत्ती मी फुंकली होती आणि सुरीकडे हात केला होता. मॅडमनी ती माझ्या पुढ्यातून उचलली, स्वतः केक कापला आणि मला प्लॅस्टिकचा चमचा दिला. कोणीतरी फिसकन हसलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंडईत माझ्या आईचा भाजीचा गाळा आहे. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी तिथे बसून लाल भोपळे चिरायचे. एकाही गिऱ्हाइकाला माझ्या हातातल्या सुरीची भीती वाटली नव्हती.

झालं होतं एवढंच, की त्या आठवड्यात माझ्या पर्समधून गोळ्यांची पट्टी खाली पडली. शेजारच्या टेबलवरच्या मुलाने उचलून दिली, पण आधी नाव वाचून घेतलं. मग नेटवर शोधलं. कंपनी सॉफ्टवेअरची, शोधण्यात सगळे हुशार. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी वेडी झाले होते.

खरं तर आजार त्याच्या आधीचा, कॉलेजातला. कोणी नसताना आवाज ऐकू यायचे. कोणीतरी पाळत ठेवून आहे असं वाटायचं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांनी आवाज हळूहळू विरले. म्हणून तर परीक्षा देता आली, नोकरी लागली, वारज्याहून कंपनीच्या बसने ऐटीत येता आलं. दुपारी एक गोळी, रात्री एक. दुपारची मी बाथरूममध्ये घ्यायचे, नळाच्या पाण्याबरोबर.

मॅडमना होती शुगर. त्यांची गोळी चांदीच्या डबीतून जेवणाच्या टेबलवर यायची. "मॅडम, गोळी घेतली का?" पोरं प्रेमाने आठवण करायची. कॅन्टीनमधून त्यांचा बिनसाखरेचा चहा यायचा, वेगळ्या कपात. वेगळा कप माझ्या आजोबांनाही होता, गावच्या हॉटेलबाहेर खिळ्याला टांगलेला. मॅडमच्या कपावर गुलाबाची फुलं होती.

मला त्या बाईचा हेवा वाटायचा. पगाराचा नाही, नारायण पेठेतल्या घराचाही नाही. आजाराचा! चारचौघांत मिरवता येईल असा आजार हिला, आणि मला हा. आतल्या आत जळायचे मी. देव आमच्या आजोबांनीच सोडले, नाहीतर शुगरसाठी नवस बोलले असते.

केकनंतर मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"अगं, तुमच्या लोकांत शिक्षण आत्ता कुठे आलंय, ताण झेपत नाही. मन खंबीर कर. प्राणायाम कर. असल्या गोळ्यांची सवय लागते."

मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं, म्हणून त्यांचं ऐकलं. गोळ्या एकदम बंद केल्या. पहिले काही दिवस झकास गेले. तोंडाची कोरड गेली, बसमध्ये पेंग येईना. मग झोप उडाली. मग शेजारचे कीबोर्ड माझ्याबद्दल बोलायला लागले. शेवटी आईने गाळा बंद ठेवला आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत.

"हात थरथरतात, वजन वाढतंय, झोप येते, जे होईल ते मला सांगायचं. गोळी बदलता येते, कमीही करता येते. पण मला विचारून, हळूहळू. बरं वाटायला लागलं म्हणून सोडायची नाही; गोळी चालू आहे म्हणून तर बरं वाटतं. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि याचं व्यसन लागत नाही. हां, अधूनमधून रक्त तपासायचं. या गोळ्यांनी शुगर वाढू शकते."

शुगर! मला हसूच आवरेना. आई घाबरली, तिला वाटलं पुन्हा सुरू झालं. मग मी तिला मॅडमचं सगळं सांगितलं.

"ती सोडती का तिची गोळी, प्राणायाम करून?" आई म्हणाली.

नाही सोडत. इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकले, पण हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मॅडमचं शरीर बिघडलं की तो आजार, आणि माझा मेंदू बिघडला की ती माझी लायकी. आणि मी मूर्ख, त्यांच्या डबीकडे बघत झुरत होते.

बरी झाल्यावर कामावर गेले. जेवणाच्या टेबलवर मॅडमची चांदीची डबी होती. तिच्या शेजारी मी माझी पट्टी ठेवली.

"अगं, हे इथे नको. लोक जेवतायत."

"तुमचीही इथेच आहे की," मी म्हणाले. सगळ्यांच्या देखत गोळी घेतली, वर ग्लासभर पाणी प्यायले. समोरच्या मुलाने खुर्ची जरा मागे घेतली. मॅडमचा चहा आला.

तेव्हापासून रोज दुपारी मी तिथेच गोळी घेते. हेवा गेलेला नाही. तो गुलाबाचा कप दिसला की अजून पोटात दुखतं. दुखू दे. पण बाथरूममध्ये मी परत जाणार नाही.

आता पुढचा वाढदिवस जवळ आलाय. केक मी आणणार, बिनसाखरेचा. सुरीही मीच आणणार, आईच्या गाळ्यावरची. पहिला तुकडा माझ्या हाताने कापून मॅडमना देणार. ज्याला भीती वाटेल त्याने खुर्ची आणखी मागे घ्यावी. मी माझी हलवणार नाही.